मडफ्लॅप दर पावसाळ्यात का तुटतो? पांदणीत चालणाऱ्या गाडीसाठी बसवण्याची दुरुस्ती

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात नवे मडफ्लॅप (चाकामागे चिखल अडवणारे रबराचे पडदे) बसवले, मृगाचा पाऊस पडला, गाडी चार-पाच वेळा पांदणीतून, म्हणजे शेताकडच्या मातीच्या वाटेने, वावरापर्यंत नेली आणि पोळ्याच्या आत मागचा एक फ्लॅप गायब. मग दुकानातून जाड रबर येतं आणि तीन बोल्टच्या जागी पाच लागतात. पुढच्या पावसाळ्यात रबर जागेवर राहतं, पण मडगार्डचा पत्राच भोकापासून चिरत जातो. दीडशे-दोनशे रुपयांचं रबर वाचवताना डेंटिंग-पेंटिंगचा खर्च अंगावर येतो.

फ्लॅप कमजोर असतो म्हणून तुटतो असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा तो डांबरी रस्त्याच्या मापाने बसवलेला असतो, म्हणजे टायरला चिकटून, जमिनीपर्यंत लांब आणि बॉडीला कायमचा जखडून. काळ्या मातीत ही तिन्ही मापं चुकतात. तिथे फ्लॅपला मागे भरपूर जागा हवी, तो आखूड हवा, आणि चाकाने त्याला खरंच पकडलं तर पत्र्याच्या आधी फ्लॅप सुटायला हवा. पुढची सगळी दुरुस्ती याच तीन गोष्टींची आहे.

आधी तुटलेला तुकडा बघा

तुकडा सापडला असेल तर फेकू नका. तो कुठे आणि कसा फाटला यावरून कारण कळतं.

वरच्या भोकांपासून खालच्या दिशेने ताणून फाटला असेल, भोकं लांबट झाली असतील, तर चाकाने त्याला रिव्हर्समध्ये खाली ओढलं. विदर्भातल्या पांदणीत फ्लॅप जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. गाडी पुढे जाताना टायरची मागची बाजू खालून वर फिरते, म्हणून रबर घासलं तरी वर फेकलं जातं. रिव्हर्समध्ये तीच बाजू वरून खाली येते. मागे धुरा (शेताचा बांध) किंवा चाकोरीचा काठ आला की तो फ्लॅपला पुढे, टायरकडे ढकलतो. टायर त्याला पकडून खाली जमिनीशी दाबतो आणि गाडीचं सगळं वजन त्या रबरावर येतं. अशा वेळी पाच काय, आठ बोल्ट असले तरी काहीतरी फाटणारच. पांदण अरुंद असते, समोरून बंडी (बैलगाडी) किंवा ट्रॅक्टर आला की शे-दोनशे मीटर मागे यावं लागतं, त्यामुळे हा प्रसंग रोजचा आहे.

टायरकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत झिजली असेल, कडेला रबराची भुकटी दिसत असेल, तर फ्लॅप चालताना टायरला घासतो. पुढच्या चाकाला हे पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर होतं, मागच्या चाकाला गाडीत माल भरल्यावर.

खालची कड कुरतडल्यासारखी, आरपार भोकं पडलेली असतील तर तो खुंटांचा मार आहे. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटली तर ठीक, पण तूर विळ्याने तिरपी कापलेली असते आणि तिचा वाळलेला खुंट खिळ्यासारखा टोकदार राहतो. अशा वावरात उतरणाऱ्या गाडीचा फ्लॅप लांब ठेवण्यात काहीच फायदा नाही.

प्लास्टिकचा फ्लॅप भोकापाशी चांदणीसारखा तडकला असेल तर दोष उन्हाचा. अकोला, चंद्रपूर, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचं काळं प्लास्टिक त्याहून खूप तापतं. दोन-तीन उन्हाळ्यांत ते ठिसूळ होतं आणि जूनमध्ये चिखलाचं पहिलं ओझं आलं की तुटतं. असा फ्लॅप मे अखेरीस हाताने वाकवून बघावा. वाकताना पांढरी रेघ उमटली तर पावसाची वाट न बघता बदलावा.

आणि स्क्रू नुसतेच निघून आले, रबर शाबूत आहे, असं असेल तर पत्र्यात स्क्रूला पकडच नव्हती. बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलीमीटर जाड असतो. पत्र्याच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून १.४ मिलीमीटरच्या आसपास असतात. म्हणजे स्क्रू पूर्ण एका आट्यानेही पत्रा धरत नाही. चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिक लायनरच्या क्लिपा तर फक्त लायनर धरण्यासाठी असतात. फ्लॅपचं ओझं त्यांच्यावर टाकलं की लायनरही सोबत खाली येतं.

काळी माती नेमकं काय करते

बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. पाणी लागलं की ती फुगते, वाळली की भेगाळते. गाडीवाल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की धो-धो पाऊस चालू असताना ती सगळ्यात वाईट नसते. त्या वेळी गारा (चिखल) पातळ असतो, टायरवरून निसटून जातो. पाऊस उघडून एक-दोन दिवस झाले, ऊन पडलं, पण वाफसा अजून आलेला नाही, तेव्हा ती मळलेल्या कणकेसारखी होते आणि टायरला थरावर थर चढवते. त्यात गवत, सोयाबीनचं कुटार मिसळलं की विटेच्या मातीसारखा घट्ट लगदा होतो.

हा लगदा टायर आणि फ्लॅपच्या मधल्या फटीत बसतो. २७ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर लांब फ्लॅपवर ५ सेंटिमीटर थर बसला तर त्याचं वजन आठ किलोच्या घरात जातं. तेवढ्याच मापाचं ५ मिलीमीटर जाड रबर मात्र जेमतेम सहाशे ग्रॅमचं असतं. चारही चाकांचा हिशोब तीस किलोच्या वर. गाडी खड्ड्यात आदळली की झटक्याने त्याचा ताण दुप्पट-तिप्पट होतो. फट पूर्ण भरली की टायर त्या मातीवर घासत फिरतो, गाडी जड ओढते आणि घासण्याचा वास येतो. पुष्कळ जण याला क्लच किंवा ब्रेक समजून गॅरेजला जातात.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडच्या कन्हार (काळ्या चिकण) जमिनीतही हेच घडतं. बर्डीच्या मुरमाड जमिनीत चिकटण्याचा त्रास कमी, पण खडे उडण्याचा जास्त. त्यामुळे गाडी बहुतेक वेळ कुठे चालते ते ठरवून माप घ्यावं. मेळघाटात धारणी-सेमाडोहच्या बाजूला चिखलापेक्षा दगडाच्या पायऱ्यांची अडचण असते. तिथे फ्लॅप आणखी आखूड लागतो किंवा चढण लागायच्या आधी वर बांधता यावा लागतो.

मापं: फट, उंची, रुंदी

माप गाडी रिकामी आणि सपाट जागेवर उभी असताना घेतलं जातं, आणि इथेच चूक होते. बोलेरो किंवा पिकअपसारख्या मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असलेल्या गाडीत ओझं भरलं की पाटा सपाट होऊन लांबतो. त्याचं पुढचं टोक पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर (झुलत्या कडीवर) हलतं, म्हणून ॲक्सल थोडा मागे सरकतो. चाक वर येतं आणि मागेही येतं. रिकाम्या गाडीत दिसणारी फट कापसाचं ओझं भरल्यावर तेवढी उरत नाही. म्हणून मागचं माप घ्यायचं तेव्हा गाडीत रोजचं जड ओझं ठेवा, आणि नंतर एक मागचं चाक २५-३० सेंटिमीटर उंच धुऱ्यावर किंवा फळ्यांच्या थप्पीवर चढवून दुसऱ्यांदा मोजा. पुढची चाकं आणि दुसरं मागचं चाक ओंडक्यांनी अडवल्याशिवाय गाडीखाली वाकू नका.

सपाट जागेवर टायर आणि फ्लॅपमधली फट ८ ते १० सेंटिमीटर असावी. डांबरीवरच फिरणाऱ्या गाडीला ४-५ पुरते, काळ्या मातीत नाही. पुढच्या चाकाला स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. सगळ्यात अडचणीच्या जागीही किमान ३ सेंटिमीटर मोकळे राहायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर रबराचा आतला खालचा कोपरा तिरका कापा. फ्लॅप मागे ढकलायला जागा नसते तेव्हा हा काप बहुतेक वेळा प्रश्न सोडवतो.

खालच्या कडेची उंची ओझं भरलेल्या गाडीत जमिनीपासून २० ते २२ सेंटिमीटर ठेवावी. फक्त मुरमाच्या आणि डांबरी रस्त्यासाठी १५ चालतील. मेळघाटासारख्या दगडी चढणीत २५. चाकोरीतून जाताना टायर खाली उतरलेला असतो आणि फ्लॅपच्या कडा चाकोरीच्या काठावर घासतात, म्हणून पांदणीसाठी २० च्या खाली जाऊ नये.

रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा ५-६ सेंटिमीटर जास्त. २१५ च्या टायरला २७ सेंटिमीटर रबर बरोबर बसतं. त्यातही जास्तीचा भाग बाहेरच्या बाजूला ठेवा, कारण दरवाजा आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा चेहरा त्याच बाजूला असतो. आत जास्त रुंद रबर सस्पेन्शनच्या वाटेत येतं.

टायर बदलल्यावर अचानक घासायला लागलं, ही तक्रारही नेहमीची. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर टायर २० मिलीमीटर रुंद होतो आणि त्याची त्रिज्या १५ मिलीमीटरने वाढते. म्हणजे मागची फट दीड सेंटिमीटर कमी झाली. टायर बदलायचा विचार असेल तर आधी टायर, मग फ्लॅप.

कोणतं रबर घ्यावं

५ मिलीमीटर जाडीचं साधं काळं रबर शीट, कापडाचा थर नसलेलं, हे सगळ्यात चांगलं. ३ मिलीमीटर वेगात फडफडतं आणि चाकाकडे ओढलं जातं. ८-१० मिलीमीटर वाकत नाही, सगळा धक्का पत्र्याला देतं. घेताना एक कोपरा पूर्ण दुमडून दाबा. घडीवर भेगा दिसल्या तर रबर जुनं आहे.

वणी, वरोरा, उमरेड भागात कोळसा खाणींचे जुने कन्व्हेयर बेल्ट भंगारात मिळतात आणि लोक तेच कापून लावतात. स्वस्त आणि न फाटणारे, हे खरं. पण न फाटणं हाच इथे त्यांचा दोष आहे. बेल्टच्या आत कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेतून त्यांत पाणी शिरतं, थर सुटतात, आणि तोवर तो बेल्ट पत्र्याला ओढतच राहतो. आत पोलादी तारा असलेला बेल्ट तर कधीही लावू नये. कड झिजली की तारा बाहेर येऊन टायरची बाजू कापतात. बेल्टच वापरायचा असेल तर ६ मिलीमीटरपेक्षा जाड नको, आणि तो खाली सांगितलेल्या सुटणाऱ्या पद्धतीनेच बसवा.

बसवण्याची रीत

चार फ्लॅपसाठी एवढं सामान लागेल: ५ मिलीमीटर रबराचे चार तुकडे, २५ × २५ × ३ मिलीमीटरच्या लोखंडी अँगलचे फ्लॅपच्या रुंदीएवढे चार तुकडे, २५ × ३ च्या पट्टीचे तेवढेच चार, ६ मिलीमीटर जाडीचे २५ लांबीचे बारा बोल्ट, बारा नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले), चोवीस मोठे वायसर, आणि अँगल गाडीला धरण्यासाठी प्रत्येकी दोन ८ मिलीमीटरचे बोल्ट, नट आणि वायसर. हत्यारांत १० आणि १३ नंबरचे पाने किंवा गोट्या (सॉकेट), ड्रिल, ३, ६.५ आणि ८.५ ची बिटं, ७-८ मिलीमीटरचा पोकळ पंच, कानस, धारदार कटर. शिवाय रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर आणि काळा रंग.

अँगल कुठे धरायचा हे आधी ठरवा. चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी असलेल्या गाडीत बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते आणि खडबडीत वाटेवर दोन्ही एकमेकांपासून थोड्या हलतात. अँगलचं एक टोक चॅसिसला आणि दुसरं बॉडीला बांधलं तर काही महिन्यांत वेल्डिंग तडकतं किंवा बॉडीचा पत्रा फाटतो. दोन्ही टोकं एकाच ठिकाणी धरा. चॅसिसवर कंपनीने सोडलेली भोकं बहुतेक गाड्यांत मिळतात, ती वापरा. चॅसिसला नवं भोक पाडू नये आणि तिथे वेल्डिंगही करू नये. बॉडीला धरायचं झालं तर चाकाच्या कमानीची दुमडलेली, दुहेरी पत्र्याची कड शोधा आणि पत्र्याच्या मागे मोठा वायसर किंवा पट्टीचा तुकडा द्या.

भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हात घालून बघा. मागच्या चाकाच्या कमानीमागून टेल लॅम्पची वायर जाते, एका बाजूला डिझेल भरण्याचा पाइप असतो. पुढे ब्रेकची होस आणि एबीएसची वायर चाकासोबत हलते, स्टेअरिंग वळवल्यावर ती अँगलला लागता कामा नये. सायलेन्सरपासून रबर ७-८ सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर ते कडक होऊन तडकतं.

जागेवर चिकटपट्टी लावून खूण करा, आधी ३ चं भोक, मग मोठं. पडलेला चुरा ब्रशने पूर्ण झाडून टाका, तो रंगावर राहिला तर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. भोकाची कड कानसने गुळगुळीत करून उघड्या लोखंडाला प्रायमरचे दोन हात, त्यावर रंग. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि सगळ्यात जास्त हेच टाळलं जातं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ते टाळूच नये. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीत आणि पाण्यात क्षार असतात, आणि ओली माती भोकापाशी बसून राहिली की गंज रंगाखालून पसरतो.

आता रबर. त्यात भोक ड्रिलने पाडू नका. बिट रबराला पिळते, भोक वेडंवाकडं होतं आणि फाटणं तिथूनच सुरू होतं. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून पोकळ पंचाने, हातोडीच्या एका घावात गोल भोक पाडा. २७ सेंटिमीटरच्या फ्लॅपला तीन भोकं: दोन्ही कडांपासून ३ सेंटिमीटरवर एकेक आणि एक मध्ये, वरच्या कडेपासून २ सेंटिमीटर खाली. अँगल आणि पट्टीला त्याच मापाने ६.५ ची भोकं.

मग प्रत्येक भोकापासून वरच्या कडेपर्यंत दोन सरळ काप देऊन मधलं रबर काढून टाका. भोक आता वरून उघड्या खाचेसारखं दिसेल. पुष्कळांना हे बघून रबर कमजोर केल्यासारखं वाटतं. पण याच खाचेमुळे चाकाने फ्लॅप खाली ओढला तर तो बोल्टवरून सरकून अख्खा निघतो. रबर शाबूत, पत्रा शाबूत, आणि परत बसवायला दहा मिनिटं.

लावताना क्रम असा: टायरकडे पट्टी, मग रबर, मागे अँगल. बोल्टचं डोकं टायरकडे, नट मागे. उलटं केलं तर बोल्टची लांब टोकं टायरकडे राहतात आणि दगड अडकून टायर दाबला गेला तर त्याला चिरतात. पट्टीची आणि अँगलची खालची कड कानसने गोल करा, धारदार कडेवर रबर रोज वाकून कापलं जातं. स्प्रिंग वायसर इथे उपयोगाचं नाही. रबर दाबलं जातं, ताण उतरतो आणि नट फिरायला मोकळा होतो. नायलॉक नट मात्र जागचा हलत नाही. तोही तीन-चार वेळा उघडला की नवा घ्या.

किती आवळायचं, याची परीक्षा बादलीने करा. पट्टीखालून रबर किंचित फुगू लागलं की थांबा. मग दोन फळ्यांच्या मध्ये फ्लॅपची खालची कड शिकंजा लावून धरा आणि त्याला १० लिटर पाण्याची बादली लटकवा. चिखलाच्या थरापेक्षा हे वजन थोडं जास्त आहे. बादली हाताने वरखाली हलवली तरी रबर सरकू नये. सरकलं तर तिन्ही नट पाव-पाव फेरा आवळा. नंतर बादली काढा, फ्लॅप दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकून खाली ओढा. तो हळूहळू सरकायला हवा. अजिबात हलत नसेल तर फार आवळलंय. परीक्षा झाल्यावर फ्लॅप जागेवर सरकवून खाचांचा तळ बोल्टला टेकवा आणि पुन्हा तेवढंच आवळा.

फ्लॅपच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक पट्टा मारून ठेवा. सुटून चाकोरीत पडला तर काळ्या गाऱ्यात काळं रबर दिसत नाही, पांढरा पट्टा दिसतो.

रिव्हर्स घेताना

मागे धुरा, बांधीचा (धानाच्या खाचराचा) काठ किंवा चढ असेल तर कुणाला तरी खाली उतरवून मागच्या फ्लॅपकडे बघायला सांगा. रबर टायरकडे दुमडायला लागलं की लगेच थांबा आणि अर्धा फेरा गाडी पुढे घ्या, टायर उलटा फिरून त्याला सोडतो. जोर देऊन मागे रेटणं हीच ती चूक, जिच्याने फ्लॅप जातो.

वारंवार अशी वाट असेल तर खालच्या कडेच्या मध्ये एक भोक पाडून २५ मिलीमीटरचा नायलॉनचा पट्टा बकलसकट लावून ठेवा. वावरात शिरण्याआधी फ्लॅप मागे आणि वर ओढून तो अँगलला बांधायचा, डांबरी लागली की सोडायचा. पुढच्या बाजूला, टायरकडे कधीही बांधू नये. डांबरीवर सोडायला विसरू नका. मुरमाच्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात उडालेला खडा मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्याला लागू शकतो, आणि फ्लॅप लावण्याचं खरं कारण तेच आहे.

बसवल्यानंतरही आवाज येत असेल तर

वळताना खसखस, सरळ चालताना नाही: पुढची फट कमी आहे, आतला कोपरा कापा. ६० च्या पुढे फडफड: रबर पातळ किंवा फार लांब, खालची कड ३-४ सेंटिमीटर कापून बघा. खड्ड्यात ठक-ठक: अँगलचे ८ चे बोल्ट ढिले, १३ चा पाना लावा.

स्टेअरिंग थरथरत असेल तर फ्लॅपला दोष देऊ नका. रिमच्या आतल्या बाजूला माती बसून वाळली की चाकाचा तोल जातो, आणि डांबरी लागून वेग वाढला की हात थरथरतात. चाकामागे हात घालून खरवडा, बहुतेक वेळा तिथेच मुठीएवढं ढेकूळ सापडतं. व्हील बॅलन्सिंगचे पैसे त्यानंतर खर्च करा.

माती काढणं

ओली असतानाच काढा. बांबूची चपटी चीप गाडीत ठेवा आणि वावरातून रस्त्याला लागताना चारही फटी खरवडा, दोन मिनिटांचं काम. खुरपं वापरू नका, रबराला पडलेली बारीक चीर पुढे वाढत जाते. माती वाळून विटेसारखी झाली असेल तर ठोकून काढू नका. बादलीभर पाणी टाकून पंधरा मिनिटं भिजू द्या. वॉशिंगला गाडी दिली तर अँगल आणि मडगार्डच्या सांध्यात वरून खाली पाणी मारायला सांगा, तिथली माती आठवडाभर ओली राहते.

माती चिकटू नये म्हणून डिझेल किंवा जळकं ऑइल फासण्याची सवय सोडावी. रबर फुगून मऊ पडतं, खाचा रुंदावतात, आणि तेच तेल ब्रेकवर गेलं तर गाडी थांबत नाही. सिलिकॉन स्प्रे चालतो, पण फ्लॅप काढून, लांब नेऊन मारा, वाळल्यावर बसवा. डिस्क किंवा टायरवर त्याचा थेंबही नको.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासा, कारण नवं रबर दबतं. पुढे जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा. टूल बॉक्समध्ये ६ मिलीमीटरचे चार बोल्ट, चार नायलॉक नट, आठ वायसर आणि १० चे दोन पाने राहू द्या. सुटलेला फ्लॅप पांदणीतच परत बसतो.